पन्नासेक बॅगा आणि चोरीला गेलेले तीस हजार नंबर

न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात ६ फेब्रुवारी २०२४ रोजी ज्युरीने एक निकाल दिला आणि जुन्या ब्रँडेड बॅगांचा धंदा करणाऱ्या अनेकांची झोप उडाली. दावा महागड्या बॅगा बनवणाऱ्या शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीचा होता. समोर होतं 'व्हॉट गोज अराउंड कम्स अराउंड' हे न्यूयॉर्कमधलं जुने कपडे आणि बॅगा विकणारं दुकान. शनेलने मार्च २०१८मध्ये दावा ठोकला होता. जवळपास सहा वर्षांनी ज्युरीने दुकानाला सगळ्या मुद्द्यांवर जबाबदार धरलं: ट्रेडमार्कचं उल्लंघन, खोटी जाहिरात, शनेलशी आपलं नातं असल्याचा आभास. भरपाई लागली ४० लाख डॉलरची. तेव्हाच्या दराने ही रक्कम ३३ कोटी रुपयांच्या घरात जाते.

रस्त्यावर 'फर्स्ट कॉपी' विकणाऱ्या गाळेवाल्यावर असा निकाल लागला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. हे दुकान मात्र १९९३पासून उभं आहे. सोहोसारख्या भागात त्याचं बस्तान, गिऱ्हाइकांत सिनेमातले आणि गाण्यातले तारे, आणि 'आमच्याकडचा माल अस्सल, खात्रीचा' ही त्याची मुख्य जाहिरात. नकली मालाची भीती वाटणारे लोक मुद्दाम जिथे जायचे, अशा जागेचं हे प्रकरण. सेकंड हँड शनेल घ्यायची इच्छा असलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "खरी कशी ओळखायची?" हा प्रश्न किती अपुरा आहे ते या खटल्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. म्हणून तो नीट उलगडून पाहायचा.

जुनी बॅग घ्यायचीच कशाला

आधी पैशाचं बोलू. शनेलच्या 'क्लासिक फ्लॅप' या झाकणाच्या बॅगेचा मधला आकार २०१९च्या शेवटी अमेरिकेत सुमारे ५,८०० डॉलरला मिळत होता. २०२३मध्ये त्याच बॅगेने १०,००० डॉलर ओलांडले. चामडं तेच, साखळी तीच, आकार तोच. शनेल हँडबॅगा ऑनलाइन विकत नाही. आपली दालनं आणि मोजकी अधिकृत दुकानं सोडली तर नवी बॅग कुठेही मिळत नाही. कंपनी स्वतः जुनी बॅग परत घेऊन विकतही नाही. दुकानातला भाव परवडत नाही आणि ब्रँडच्या छत्राखाली जुना बाजारच नाही, अशा पेचात गिऱ्हाईक आपोआप बाहेरच्या विक्रेत्याकडे जातं.

पैशापलीकडचंही एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच जास्त खरं. १९९०च्या दशकातल्या शनेलच्या कड्या-कुलपांवर २४ कॅरेट सोन्याचा मुलामा असे. साधारण २००८च्या सुमारास ते थांबलं. जुन्या बॅगेचं सोनं खोल, किंचित लालसर पिवळं दिसतं. नव्या बॅगेची कडी शेजारी धरली की फरक सांगावा लागत नाही. जुन्या बॅगा गोळा करणाऱ्यांचा जीव या मुलाम्यात आणि त्या काळच्या कोकराच्या चामड्यात अडकलेला असतो. "जुनी म्हणून स्वस्त" या हिशेबाने आलेला माणूस इथे बहुधा निराशच होतो, कारण चांगल्या स्थितीतली जुनी बॅग स्वस्त उरलेलीच नाही.

डोळ्यांना काय दिसतं

आता बॅग हातात घेतली असं समजा.

शनेलच्या शिवणीचे चौकट-चौकट टाके असतात ना, ते झाकणावरून बॅगेच्या अंगावर, आणि मागच्या खिशावरून पाठीवर, न तुटता जुळले पाहिजेत. खिसा वेगळ्या तुकड्याचा असतो, तरीही त्यावरचा चौकोन पाठीवरच्या चौकोनात मिसळून जातो. स्वस्त नकलेत तो अर्ध्या बोटाने सरकलेला सापडतो, कारण नक्षी जुळवून कापायची तर चामडं जास्त वाया जातं. टाके दाट हवेत. विरळ टाक्यांनी चौकोन फुगतो आणि बॅग उशीसारखी दिसते.

मग कुलूप. कंपनीची संस्थापक गॅब्रिएल शनेलने फेब्रुवारी १९५५मध्ये आणलेल्या मूळ बॅगेचं नाव त्याच तारखेवरून २.५५ पडलं. तिचं कुलूप साधं आयताकृती होतं. एकमेकांत गुंतलेले दोन 'सी' असलेलं फिरकीचं कुलूप १९८३मध्ये डिझायनर कार्ल लागरफेल्ड शनेलमध्ये आले त्यानंतरचं. साहजिकच, "सत्तरच्या दशकातली" म्हणून दाखवलेल्या बॅगेवर दोन 'सी'चं कुलूप दिसलं की विक्रेत्याला तिथेच थांबवायचं. त्या गुंफणीचीही रीत ठरलेली आहे: वरच्या बाजूला उजवा 'सी' डाव्याच्या अंगावरून जातो, खालच्या बाजूला डावा उजव्याच्या अंगावरून. पूर्वी नकला करणारे इथे सर्रास चुकायचे. आता चुकत नाहीत.

आत पाहायचं ते अस्तर सैल आहे का, ब्रँडच्या नावाच्या ठशातली अक्षरं चामड्यात बसली आहेत का, ठशाचा रंग कड्यांच्या रंगाशी मिळतो का, झिप कोणत्या कंपनीची आहे आणि ती कंपनी त्या काळात शनेलला झिप पुरवत होती का. साखळी हातात तोलून बघायची. वासही घ्यायचा. चामड्याच्या जागी गोंदाचा उग्र दर्प आला तर मागे सरायचं. उलट, जुन्या कपाटाचा कुबट वास आला म्हणून घाबरायचं कारण नाही. तो जायला वेळ लागतो, एवढंच.

हे सगळं जाणणारी माणसं त्या दुकानात होती. वर्षानुवर्षं त्यांनी हेच केलेलं. तरी दुकान अडकलं, आणि ज्या बॅगांवरून अडकलं त्यांचा वाद टाक्यांवर नव्हताच.

नंबरामागची वही

१९८०च्या दशकाच्या मध्यापासून शनेल आपल्या प्रत्येक बॅगेत आतल्या बाजूला नंबराचा स्टिकर लावू लागली. आधी सहा, मग सात आकडे, आणि २०००च्या दशकाच्या मध्यापासून आठ. सुरुवातीच्या आकड्यांवरून काळ कळतो. बॅगेबरोबर क्रेडिट कार्डाएवढं एक कार्ड येई, त्यावरही तोच नंबर. त्याआधीच्या बॅगांत नंबर नाही. त्यामुळे नंबर नसलेली सत्तरच्या दशकातली बॅग नकली ठरत नाही. पुढच्या काळातल्याही काही बॅगांचे स्टिकर वापरात गळून पडलेले असतात.

गिऱ्हाइकाला स्टिकर आणि कार्ड दिसतं. न दिसणारी तिसरी गोष्ट म्हणजे शनेलच्या आतल्या डेटाबेसमधली नोंद. त्याचं नाव ऑर्ली. कोणता नंबर कोणत्या बॅगेला, कोणत्या कारखान्यात दिला, आणि तो चालू आहे की रद्द, हे तिथे लिहिलेलं असतं. ही वही बाहेरच्या कुणालाही उघडता येत नाही.

शनेलच्या बॅगा जिथे बनत, त्या मिलान भागातल्या कारखान्यांपैकी एक होता रेनातो कोर्ती. २०१२मध्ये तिथून सुमारे ३०,००० नंबर चोरीला गेले. शनेलने ते सगळे आपल्या नोंदीत रद्द केले. चोरीला गेलेला नंबर असलेली बॅग शनेलच्या दालनातून कधीच विकली गेलेली नाही, असा त्याचा अर्थ. पुढे काही वर्षांत या रद्द नंबरांपैकी पन्नासच्या आसपास नंबर न्यूयॉर्कच्या या दुकानाने विकलेल्या बॅगांवर निघाले.

या बॅगा बनवल्या कुणी? एक शक्यता अशी की कुठल्या तरी तिसऱ्याच ठिकाणी नक्कल बनली आणि तिला खरा, पण चोरलेला नंबर चिकटवला गेला. दुसरी शक्यता जास्त अस्वस्थ करणारी आहे. ज्या कारखान्यात शनेलची बॅग बनते तिथल्याच चामड्यातून, तिथल्याच हातांनी बॅग शिवली गेली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. अशी बॅग भिंगाखाली धरली तर काय दिसेल? कदाचित काहीच नाही. टाके जुळतील, 'सी' जुळतील, ठसा जुळेल. स्टिकरही खराच असेल.

मग ती खरी म्हणायची का? अमेरिकेतल्या कायद्याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते या खटल्याच्या फार आधीपासूनचं आहे. न्यूयॉर्क ज्या अपील न्यायालयाच्या हद्दीत येतं त्याने १९८६मध्ये एका चपला-बुटांच्या प्रकरणात ते दिलं होतं. एल ग्रेको नावाच्या कंपनीने ब्राझीलच्या कारखान्याला 'कँडीज' ब्रँडचे जोड बनवायला सांगितले. उशीर झाला म्हणून शेवटचे काही लॉट रद्द केले. त्या मालाची कंपनीच्या माणसाकडून तपासणी झाली नाही. कारखान्याने तो दुसऱ्याला विकला आणि जोड अमेरिकेतल्या एका दुकानात पोचले. कारखाना तोच, ऑर्डर त्याच ब्रँडची, मालावर नावही त्याच्याच सांगण्यावरून घातलेलं. न्यायालय म्हणालं, ज्याचं नाव आहे त्याने माल तपासून 'विका' असं म्हटल्याशिवाय तो माल अस्सल ठरत नाही. बूट चांगले होते की वाईट, याच्याशी घेणंदेणं नाही.

कोर्तीच्या नंबरांनाही हाच तर्क लागू पडतो. ब्रँडने आपल्या हाताने सोडलेली वस्तू एकदा विकली गेली की तिच्यावरचा त्याचा ताबा संपतो आणि पुढे ती कुणीही विकावी. जुन्या मालाचा सगळा बाजार या एका तत्त्वावर उभा आहे, आणि दुकानाच्या बचावाचा मुख्य आधारही तोच होता. पण मुळात पहिली विक्रीच झाली नसेल तर ताबा संपणार कसा?

टिश्यूचे डबे आणि दहा टक्के सूट

बॅगांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी होत्या. पहिली ऐकून हसू येतं. शनेलच्या काउंटरवर मांडायला म्हणून बनवलेल्या वस्तू असतात: टिश्यूच्या डब्याची झाकणं, ट्रे, आरसे. विक्रीसाठी नाहीत, दालन सजवण्यासाठी. अशा सातशेहून जास्त वस्तू दुकानाने शनेलचा माल म्हणून विकल्या होत्या. कुणी तरी त्या काउंटरवरून उचलल्या, कुठून तरी त्या बाजारात आल्या, आणि दोन 'सी' दिसतात म्हणून लोकांनी भरपूर पैसे मोजून त्या घरी नेल्या. इथेही तोच मुद्दा येतो. कंपनीने कधी विकलीच नाही ती वस्तू. या भागात मला दुकानाबद्दल जराही सहानुभूती वाटत नाही. टिश्यूच्या डब्याचं झाकण विकताना इतक्या वर्षांच्या अनुभवी माणसाला ते कुठून आलं असेल याची शंका यायला हवी होती.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. दुकानाने आपली आद्याक्षरं आणि शनेलचं नाव जोडून हॅशटॅग चालवला. गॅब्रिएल शनेलच्या वाढदिवसाला तिच्या टोपणनावाचा कूपन कोड काढून दहा टक्के सूट दिली. शनेलचे जुने फोटो, शनेलची वाक्यं आपल्या प्रसिद्धीत वापरली. शनेलचं म्हणणं असं की हे पाहून गिऱ्हाइकाला वाटणार, या दोघांचं काही तरी संधान आहे. ज्युरीला ते पटलं. मी मात्र इथे जरा थबकतो. 'आमच्याकडे जुनी शनेल मिळते' हे सांगायला शनेल हे नाव घ्यावंच लागतं, ते घेतल्याशिवाय कुणी विकणार कसं? नाव घेणं आणि नावाच्या सावलीत उभं राहणं यात अंतर आहे हे कबूल. पण ती रेघ कुठे ओढायची हे छोट्या विक्रेत्याला आजही नेमकं सांगता येणार नाही. न्यूयॉर्कच्याच न्यायालयात शनेलचा दुसरा खटला २०१८च्या नोव्हेंबरपासून 'द रिअलरिअल' या मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याशी चालू झाला. तिथे २०२०मध्ये न्यायाधीशांनी बनावट मालाचे आणि खोट्या जाहिरातीचे दावे पुढे जाऊ दिले, पण 'शनेलशी संबंध भासवला' हा दावा सुरुवातीलाच काढून टाकला. दोन्ही ठिकाणी वस्तुस्थिती वेगळी होती, उत्तरंही वेगळी आली.

'व्हॉट गोज अराउंड'च्या खटल्यात न्यायाधीश होते लुई स्टँटन. सुनावणीच्या वेळी त्यांचं वय ९६ होतं. २.५५ बाजारात आली तेव्हा ते २७ वर्षांचे असणार. जुन्या मालाच्या खटल्याला याहून शोभेलसा न्यायाधीश मिळणं कठीण.

कुणाचं किती बरोबर

कायद्याच्या नजरेने शनेलचं पारडं जड होतं यात मला शंका नाही. 'अस्सलपणाची हमी' असं लिहून भाव वाढवून घ्यायचा आणि वस्तू कुठून आली हे विचारायचं नाही, हे चालणार नाही. हमी हा या दुकानात विकला जाणारा खरा माल होता. बॅग तर इतरत्रही मिळत होती, स्वस्तात. दुकानाने हे जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने केलं असंच ज्युरीनेही मानलं. अमेरिकी कायद्यात बनावट मालासाठी ठरीव भरपाईची तरतूद आहे. नेमकं किती नुकसान झालं ते मोजत बसायची गरज पडत नाही, आणि जाणूनबुजून केलं असेल तर दर ट्रेडमार्कमागे, दर प्रकारच्या मालामागे २० लाख डॉलरपर्यंत जाता येतं. पन्नासेक बॅगा आणि सातशेएक किरकोळ वस्तूंच्या मानाने ४० लाख हा आकडा डोळ्यांत भरतो तो यामुळे.

पण एक गोष्ट खटकत राहते. नंबर रद्द झाला आहे हे सांगणारी एकमेव वही शनेलच्या कपाटात. शनेलच्या दालनात जुनी बॅग नेली आणि "ही खरी का, तेवढं सांगा" म्हटलं तर सांगत नाहीत, ती सेवाच नाही. रद्द नंबरांची यादी बाहेर ठेवलेली नाही. म्हणजे चोरी कंपनीच्या पुरवठादाराकडे झाली, चोरीची खबर कंपनीकडे राहिली, आणि चोरीचा भुर्दंड त्या मालाच्या शेवटच्या विक्रेत्याने आणि गिऱ्हाइकाने भरायचा. आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरी-आकडी नंबर, एचयूआयडी, असतो. तो कुणीही बीआयएस केअर अॅपवर टाकून दागिना कुठल्या सराफाने, कुठल्या केंद्रात तपासून घेतला ते बघू शकतो. जुनी बांगडी विकत घेणाऱ्याला सराफाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. शनेलने नंबर दिला, पण त्याचा पडताळा स्वतःकडेच ठेवला. कंपनीला तो हक्क आहे. फक्त, त्या नंबराने गिऱ्हाइकाचं रक्षण होतं असं म्हणू नये. २०२१पासून तर स्टिकर आणि कार्ड दोन्ही गेलं. आता बॅगेत धातूची छोटी पट्टी आणि चिप असते, आणि ती चिप वाचायचं यंत्र शनेलकडेच. लुई व्हितों या दुसऱ्या महागड्या ब्रँडनेही त्याच वर्षी जुने तारखेचे कोड सोडून चिप आणली. डोळ्यांनी तपासण्यासारखं जे थोडं होतं तेही कमी होत चाललं आहे.

मुंबई-पुण्यात बसून घेणाऱ्यासाठी

हा निकाल अमेरिकेतला. इथे तो बंधनकारक नाही, पण त्यातली अडचण जशीच्या तशी इथे येते, कारण इन्स्टाग्रामवरून 'प्रीलव्ह्ड', म्हणजे वापरलेली, बॅग घेणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि बराच माल जपान, दुबई, युरोपातून येतो.

आपल्या ट्रेडमार्क कायद्याच्या, १९९९च्या, कलम ३०मध्ये रीतसर मिळवलेला माल पुढे विकायची मुभा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२मध्ये सॅमसंग प्रिंटरच्या प्रकरणात असं म्हटलं की परदेशात रीतसर विकला गेलेला अस्सल मालही इथे आणून विकता येतो. मात्र गिऱ्हाइकाला तसं सांगायला हवं, आणि कंपनीची वॉरंटी नसेल तर तेही. खऱ्या जुन्या बॅगेच्या विक्रीला म्हणूनच अडचण नाही. नकली ब्रँडचा माल विकणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आणि दंड. 'मिरर कॉपी आहे, मी लपवत नाही' असं सांगून विकणाराही त्यातून सुटत नाही.

एक बाब फार थोड्यांना ठाऊक असते. परकीय व्यापार धोरणानुसार वापरलेल्या मालाची आयात, भांडवली यंत्रसामग्री सोडली तर, परवान्याशिवाय होत नाही. तोक्योतल्या दुकानातून कुरिअरने मागवलेली जुनी बॅग कस्टम्समध्ये अडकली की लोक शुल्काच्या नावाने बोटं मोडतात, पण अडचण कित्येकदा त्याहून मूळची असते. मगरीच्या किंवा अजगराच्या कातड्याची बॅग असेल तर वन्यजीवांच्या व्यापाराचे परवाने वेगळे. ते नसतील तर बॅग परत मिळायची आशा सोडावी.

आता विकत घेण्याची रीत. कोर्ती प्रकरणानंतर मला तपासणीचा क्रम उलटा करावासा वाटतो. आधी माणूस आणि कागद, मग बॅग. ही बॅग पहिल्यांदा कुठल्या दालनातून, कधी घेतली गेली, आणि त्याचं बिल आहे का? मूळ बिल असलेली बॅग दहा-पंधरा टक्के महाग मिळाली तरी मी ती आधी बघेन. कारण चोरीच्या नंबराची बॅग दालनातून विकलीच गेली नव्हती, तिचं अस्सल बिल असणार कुठून? अर्थात बिलंही बनवली जातात. म्हणून बिलावरचं मॉडेल, रंग, तारीख आणि बॅगेतल्या नंबराचा काळ एकमेकांशी ताडून पाहायचा. नुसत्या कार्डाला मी काहीच किंमत देत नाही, सुटी कार्डं बाजारात मिळतात.

बिल नसेल, आणि तीस वर्षांपूर्वीच्या बॅगेचं ते बहुधा नसतंच, तर त्या काळाचा फायदा घ्यायचा. १९९०च्या दशकातली, सात आकडी नंबर असलेली, पिवळ्या सोन्याच्या मुलाम्याची बॅग २०१२च्या चोरीच्या भानगडीत येऊ शकत नाही. शिवाय तिचं वय लपत नाही. चामड्याचा मऊपणा, कडेच्या रंगाचं झिजणं, साखळीतल्या चामड्याच्या पट्टीला हाताने आलेला काळपटपणा यांची नक्कल करणं नव्या बॅगेच्या नकलेपेक्षा बरंच अवघड आहे. माझा कल सरळ आहे: २०१०च्या आसपासची, बिल नसलेली, नव्यासारखी दिसणारी आणि बाजारभावापेक्षा स्वस्त अशी बॅग सगळ्यात धोक्याची. नेमकी तीच सगळ्यांना हवी असते.

फोटोवरून तपासून देणाऱ्या सेवा आहेत. त्यांचा उपयोग होतो, पण त्यांच्याही हाती ऑर्ली नाही. त्या वस्तू पाहतात, नोंद पाहू शकत नाहीत. काही जण बॅग शनेलच्या दालनात दुरुस्तीला टाकून बघतात, घेतली तर खरी असं मानतात. नाकारली तर बॅग फार जुनी आहे की आणखी काही, ते कुणी सांगत नाही. घेतली तरी ते प्रमाणपत्र नव्हे.

विक्रेता धंदेवाईक असेल तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली त्याच्यावर दावा करता येतो. स्वतःची एकच बॅग विकणाऱ्या ओळखीच्या बाईंना ते लागू करणं कठीण जातं, तिथे मग फसवणुकीची तक्रार किंवा दिवाणी दावा एवढाच रस्ता उरतो. म्हणून बिल 'लेडीज बॅग, १ नग' असं घेऊ नये. त्यावर ब्रँड, मॉडेल, चामडं, रंग, आतला नंबर आणि 'अस्सल' हा शब्द स्वच्छ लिहून घ्यावा. त्याखाली एक वाक्य: पुढे केव्हाही नकली किंवा कंपनीने न सोडलेला माल निघाला तर पूर्ण रक्कम परत. सात दिवसांत किंवा महिन्यात असं नाही, केव्हाही. पैसे बँकेतून द्यावेत. बॅग हातात घेताना नंबराचा, ठशाचा, कुलपाच्या मागच्या बाजूचा फोटो विक्रेत्यासमोर काढून त्यालाच पाठवावा, म्हणजे 'ही ती बॅग नव्हेच' असं पुढे म्हणता येत नाही. चांगला विक्रेता या वाक्यावर कुरकुर करत नाही. जो म्हणतो, "ताई, एवढा अविश्वास? मग राहू द्या," त्याच्याकडे खरोखरच राहू द्यावं.